गेमचा आवाज येतो, स्क्रीन मात्र काळीच: लॅपटॉपवरच्या एका वारंवार होणाऱ्या बिघाडाचा माग

माझा भाचा कोथरूडला राहतो. गेल्या उन्हाळ्यात महिन्यातून तीन-चार वेळा त्याच्या लॅपटॉपवर एकच प्रकार घडत असे. गेम सुरू केला की आधी बोधचिन्हाचा आवाज यायचा, मग मेनूचे संगीत वाजू लागायचे, आणि स्क्रीन मात्र काळीच राहायची. बाणाच्या कळा दाबल्या की पर्याय बदलल्याचा ‘टक्’ असा आवाजही यायचा. म्हणजे गेम आत व्यवस्थित चालू होता, त्याचे चित्र तेवढे बाहेर येत नव्हते. दुसऱ्या दिवशी काहीही न बदलता तोच गेम सुरळीत चालत असे, आणि त्यामुळेच हा बिघाड हाती लागत नव्हता.

मी पाहायला बसलो तोपर्यंत त्याने गेम दोनदा काढून पुन्हा टाकला होता, म्हणजे दोन वेळा साठ-सत्तर जीबी उतरवून घेतले होते. लॅपटॉप मध्यवर्ती पुण्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानातही जाऊन आला होता. तिथे तो दोन दिवस उत्तम चालला, तरीही ‘डिस्प्लेची केबल बदलून टाका, मग कटकट नाही’ असा सल्ला मिळाला. केबल बदलण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारायला हवा होता, तो कोणीच विचारला नव्हता: हे नेमके कोणत्या दिवशी होते? त्या प्रश्नाकडे मी पुढे येतोच, पण आधी काही प्राथमिक तपासण्या सांगतो, कारण वाचणाऱ्याचा बिघाड आमच्यासारखाच असेल असे नाही.

सर्वप्रथम काळे काय झाले आहे ते ठरवावे. स्क्रीन बंद पडली आहे, गेम अडकला आहे, की गेम चालू असून चित्र वाटेत हरवले आहे, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. काळी स्क्रीन असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. टास्क मॅनेजर (चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी दाखवणारी विंडोजची खिडकी) दिसला तर पॅनेल (लॅपटॉपचा पडदा), त्याची केबल आणि त्याचा प्रकाश शाबूत आहेत, हे तिथेच सिद्ध होते आणि दुकानाची फेरी वाचते. तो गेमच्या मागे दडून राहत असेल, तर ऑल्ट आणि टॅब दाबून पुढे आणता येतो. टास्क मॅनेजरमध्ये गेमच्या नावापुढे ‘नॉट रिस्पाँडिंग’ असे लिहिले असेल तर गेम अडकला आहे. तसे नसेल आणि प्रोसेसर किंवा जीपीयूच्या (चित्र काढणाऱ्या चिपच्या) रकान्यात आकडे हलत असतील, तर गेम काम करतो आहे.

टास्क मॅनेजरही दिसत नसेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबाव्यात. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे जीपीयू चालवणारे सॉफ्टवेअर, नव्याने सुरू होतो. एक छोटा ‘बीप’ ऐकू येतो, स्क्रीन क्षणभर लुकलुकते आणि पुष्कळदा चित्र परत येते. असे चित्र परत आले तर दोष ड्रायव्हरकडे आहे, असे मानून पुढे जावे. एवढे करूनही अंधार असेल, तर खोलीतला दिवा मालवून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरून पाहावा. टॉर्चच्या उजेडात खिडक्यांच्या पुसट आकृत्या दिसल्या, तर चित्र येत आहे पण पॅनेलचा मागचा प्रकाश गेला आहे. फक्त अशा वेळी दुकान गाठणे रास्त. त्याआधीही लॅपटॉप एचडीएमआय केबलने घरच्या टीव्हीला जोडून पाहावा, कारण टीव्हीवर चित्र स्वच्छ आले तर पॅनेल किंवा केबल यांच्यावरच संशय ठेवता येतो.

भाच्याच्या लॅपटॉपवर टास्क मॅनेजर स्वच्छ दिसत होता. केबल बदलण्याचा विषय तिथेच संपला.

एका लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स

गेमसाठी म्हणून घेतलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये दोन जीपीयू असतात. एक प्रोसेसरच्याच चिपमध्ये असलेला, वीज कमी खाणारा, आणि दुसरा स्वतंत्र, दमदार. जीपीयू बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने २०१० मध्ये ऑप्टिमस नावाची रचना आणली आणि तेव्हापासून या जोडीचे काम साधारण असे चालते: लॅपटॉपचे पॅनेल जोडलेले असते लहान जीपीयूला, गेमचे चित्र काढतो मोठा जीपीयू, आणि काढलेली प्रत्येक चौकट (फ्रेम) लहान जीपीयूच्या हवाली होऊन मग पॅनेलवर उमटते. स्वयंपाक आतल्या खोलीत आणि वाढणे बाहेरच्या खोलीत, असाच हा प्रकार आहे. दोघांमधली देवाणघेवाण बिनसली की आत स्वयंपाक तयार असतो आणि पान मात्र रिकामे राहते. काही लॅपटॉपमध्ये मक्स स्विच नावाची सोय असते. तिच्यामुळे पॅनेल थेट मोठ्या जीपीयूला जोडता येते आणि हा मधला हातच निघून जातो. ती सोय असेल तर चाचणीपुरती वापरून पाहावी. थेट जोडणीत चित्र येते आणि एरवी येत नाही, असे दिसले तर दोष कुठे आहे हे निम्मे कळलेच.

कोणता गेम कोणत्या जीपीयूवर चालवायचा, हे विंडोजला सांगता येते. विंडोज १० मध्ये ही सोय २०१८ साली एप्रिलच्या अपडेटबरोबर आली. सेटिंग्ज, त्यात सिस्टिम, त्यात डिस्प्ले आणि तिथे तळाशी ग्राफिक्स असा मार्ग आहे. यादीत गेम जोडून त्याला ‘हाय परफॉर्मन्स’ असे ठरवून द्यावे. इथे एक चूक जवळजवळ सगळेच करतात आणि भाच्यानेही केली होती. आपण डेस्कटॉपवरच्या ज्या आयकॉनवर क्लिक करतो, तो पुष्कळदा गेम नसून गेम उघडून देणारा लाँचर असतो. सेटिंग लाँचरला लागते आणि गेम आपल्या मनाला येईल त्या जीपीयूवर जातो. त्यामुळे गेम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या नावावर उजवी क्लिक करून, ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडून, जी फाइल उजळून दिसते तीच यादीत घालावी. त्याच टास्क मॅनेजरमध्ये ‘प्रोसेसेस’ या पानावर ‘जीपीयू इंजिन’ असा रकाना चालू करता येतो. त्यात जीपीयू ० किंवा जीपीयू १ असे लिहून येते आणि गेम प्रत्यक्ष कोणावर चालला आहे हे दिसते. आपण काय ठरवून दिले यापेक्षा तिथे काय दिसते, यावर विश्वास ठेवावा.

आमच्याकडे ही दुरुस्ती केल्यावर आठ दिवस सगळे सुरळीत होते. मीही फोनवर थोडी शेखी मिरवली. नवव्या दिवशी दुपारी भाच्याचा फोन आला, ‘मामा, परत काळी झाली.’

कोणत्या दिवशी?

मग आम्ही दोघांनी मिळून तो प्रश्न विचारला. तारखा त्याला आठवत नव्हत्या, पण मित्रांना पाठवलेल्या तक्रारीच्या मेसेजमध्ये त्या सापडल्या. कॅलेंडर समोर घेऊन खुणा केल्या तेव्हा सातपैकी पाच वेळा गुरुवार होता. उरलेल्या दोन संध्याकाळी कसल्या होत्या, ते ताईने स्वयंपाकघरातून सांगितले: वळवाचा पाऊस झाला होता, दिवे गेले होते आणि मिक्सर बंद म्हणून तिला चटणी खलबत्त्यात कुटावी लागली होती.

पुण्यात राहणाऱ्याला गुरुवारचे वेगळे सांगावे लागत नाही. पाणीपुरवठ्याच्या आणि विजेच्या देखभालीचा तो जुना ठरलेला वार. त्या घरात इन्व्हर्टर आहे, त्यामुळे पंखे, दिवे आणि वायफायचा राउटर चालू राहतात, आणि वीज गेल्याचे भाच्याला फारसे जाणवतही नसे. पण त्याच्या टेबलाजवळचा प्लग इन्व्हर्टरवर घेतलेला नाही. म्हणजे चार्जरची पिन लॅपटॉपला लावलेली असूनही लॅपटॉप बॅटरीवर चालत असे. दुकानात दोन्ही दिवस चार्जर चालू होता, म्हणून तिथे बिघाड दिसलाच नाही.

आता चाचणी सोपी होती. चार्जर काढला, गेम सुरू केला, काळी स्क्रीन. चार्जर लावला, गेम सुरू केला, चित्र हजर. असे चार वेळा करून पाहिले आणि चारही वेळा तेच घडले. जो बिघाड आपल्याला हवा तेव्हा घडवता येतो, तो मग फार काळ टिकत नाही.

बॅटरीवर गेल्यावर लॅपटॉपमध्ये काय बदलते, याचा शोध घेताना आम्ही डिस्प्लेच्या सेटिंगमधले ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ हे पान उघडे ठेवले आणि चार्जरची पिन काढली. पानावर आधी १४४ हर्ट्झ असे लिहिले होते. पिन निघताच स्क्रीन क्षणभर मिटली आणि तिथे ६० हर्ट्झ आले. लॅपटॉपसोबत आलेले एक व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर बॅटरी वाचवण्यासाठी पॅनेलचा रिफ्रेश रेट आपोआप खाली आणत होते. म्हणजे सेकंदाला १४४ वेळा बदलणारे चित्र ६० वेळाच बदलू लागत होते. यात गैर काही नाही, उलट चांगली सोय आहे. पण गेमने आपल्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘पूर्ण स्क्रीन, १४४ हर्ट्झ’ असे पहिल्या दिवशीच लिहून ठेवले होते.

पूर्ण स्क्रीनचे दोन प्रकार असतात आणि इथे तो फरक महत्त्वाचा ठरतो. ‘एक्सक्लुझिव्ह फुलस्क्रीन’ या प्रकारात गेम स्क्रीनचा ताबा स्वतःकडे घेतो आणि रेझोल्यूशन व रिफ्रेश रेट आपल्याला हवा तसा मागतो. ‘बॉर्डरलेस’ या प्रकारात गेम ही एक बिनकडेची मोठी खिडकीच असते आणि स्क्रीन विंडोजच्याच ताब्यात राहते, त्यामुळे जो दर चालू असेल तोच गेमला मिळतो. मागितलेला दर मिळाला नाही तर बहुतेक गेम निमूटपणे जवळचा दर घेतात. हा गेम घेत नव्हता. तो १४४ मागत राहायचा, ते सॉफ्टवेअर ६० वर अडून बसायचे, आणि या ओढाताणीत पॅनेलवर काहीच उमटत नसे. आवाजाचा या भांडणाशी संबंध नसल्यामुळे संगीत मात्र वाजत राही.

यावर तात्काळ उपाय म्हणजे काळी स्क्रीन असतानाच ऑल्ट आणि एंटर दाबणे. पुष्कळ गेममध्ये या दोन कळांनी पूर्ण स्क्रीन आणि खिडकी अशी अदलाबदल होते. आमच्याकडे तसे करताच डाव्या कोपऱ्यात खिडकीत मेनू दिसला आणि भाच्याने टेबलावर थाप मारली. मग गेमच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये जाऊन ‘बॉर्डरलेस’ निवडले आणि जतन केले.

ज्यांच्या गेममध्ये या कळा चालत नाहीत, त्यांना मेनूपर्यंत पोहोचताच येत नसल्यामुळे बाहेरून काम करावे लागते. स्टीम या गेमच्या दुकानावरून घेतलेला गेम असेल, तर तिथे गेमच्या नावावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यास ‘लाँच ऑप्शन्स’ नावाची चौकट मिळते. अनरियल इंजिन आणि युनिटी ही गेम बनवण्याची सॉफ्टवेअर आहेत. अनरियलवर बनलेल्या बहुतेक गेमना तिथे उणे चिन्हाला जोडून इंग्रजीत ‘विंडोड’ असे लिहिलेले समजते आणि ते खिडकीत उघडतात. युनिटीवरच्या गेमना उणे चिन्ह देऊन ‘स्क्रीन’, पुन्हा उणे चिन्ह, ‘फुलस्क्रीन’, मग एक जागा सोडून शून्य, असे लिहावे लागते. अनरियलच्या गेमची सेटिंगची फाइल साधारणपणे युझरच्या फोल्डरमधल्या ‘ॲपडेटा’ आणि त्यातल्या ‘लोकल’ या फोल्डरात, गेमच्या नावाखाली ‘सेव्ह्ड’ आणि ‘कॉन्फिग’ यांच्या आत असते. ‘गेम’, ‘युझर’ आणि ‘सेटिंग्ज’ हे तीन इंग्रजी शब्द जोडून तिचे नाव झालेले असते. ती नोटपॅडमध्ये उघडली की ‘फुलस्क्रीनमोड’ अशी ओळ दिसते. तिच्यापुढे ० असेल तर एक्सक्लुझिव्ह, १ असेल तर बॉर्डरलेस आणि २ असेल तर खिडकी. ० चे १ करावे. आकड्यांच्या भानगडीत पडायचे नसेल, तर फाइलचे नाव बदलून ठेवावे. गेम पुढच्या वेळी नवी फाइल तयार करतो आणि त्या वेळी असलेल्या स्क्रीनचे माप नव्याने घेतो. खेळाची प्रगती सहसा वेगळ्या फोल्डरात असते, तरीही आधी संपूर्ण ‘सेव्ह्ड’ फोल्डरची एक प्रत बाजूला काढून ठेवावी. मी हे एकदा न करता एका मित्राचा चाळीस तासांचा खेळ घालवला आहे.

ज्यांनी आधी मोठा मॉनिटर जोडून गेम खेळला आणि नंतर तो काढून ठेवला, त्यांच्याही बाबतीत असेच घडते. गेमला जुन्या मॉनिटरचे माप आठवत असते आणि तो नसलेल्या स्क्रीनवर चित्र पाठवत राहतो. विंडोज आणि पी या कळा दाबून ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडावे. तेवढ्याने भागले नाही, तर वर सांगितलेली फाइल आहेच.

ड्रायव्हर, आणि थोडा धीर

इंटरनेटवर कुठेही विचारले तरी ड्रायव्हर नवा करा, हा पहिला सल्ला मिळतो. तो चुकीचा नाही, पण पुरावा असल्याशिवाय मी त्याच्या वाटेला जात नाही, कारण नव्या ड्रायव्हरनेच काळी स्क्रीन सुरू झाल्याची उदाहरणेही थोडी नाहीत. पुरावा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, मिळतो. तिथे ‘विंडोज लॉग्ज’मधल्या ‘सिस्टिम’ या नोंदींत ज्या वेळी स्क्रीन काळी झाली त्या वेळेच्या आसपास ४१०१ या क्रमांकाची नोंद आहे का, ते पाहावे. जीपीयूने सुमारे २ सेकंद प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज त्याला अडकला समजून ड्रायव्हर नव्याने सुरू करते आणि ही नोंद ठेवते. ही २ सेकंदांची मर्यादा रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, जाऊन वाढवण्याचा उपाय काही जण सांगतात. तो करू नये. त्याने अडकणे थांबत नाही, अडकल्याचे उशिरा कळते इतकेच.

नोंद सापडली, तर मात्र ड्रायव्हर वरवर नवा करण्यापेक्षा जुना मुळासकट काढावा. एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमध्ये ‘कस्टम’ निवडल्यावर ‘क्लीन इन्स्टॉलेशन’चा पर्याय येतो आणि बहुतेकांना तेवढा पुरतो. त्याने भागले नाही तर डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे मोफत साधन विंडोजच्या सेफ मोडमध्ये (कमीत कमी ड्रायव्हर घेऊन सुरू केलेल्या विंडोजमध्ये) चालवावे. त्या वेळी वायफाय बंद ठेवावे, नाहीतर विंडोज अपडेट मध्येच स्वतःकडचा ड्रायव्हर आणून बसवते. लॅपटॉपच्या बाबतीत दोन्ही जीपीयूंचे ड्रायव्हर जुळणारे असणे गरजेचे असते. लोक मोठ्याचा ड्रायव्हर दर महिन्याला नवा करतात आणि लहान बिचारा लॅपटॉप विकत घेतला त्या दिवसाच्या अवस्थेतच राहतो. चित्र पॅनेलवर आणणारा तोच आहे, हे वर आलेच आहे.

एका काळ्या स्क्रीनवर मात्र काहीच करायचे नसते. नवा गेम पहिल्यांदा उघडल्यावर किंवा ड्रायव्हर बदलल्यानंतर तो आपले शेडर (चित्र कसे रंगवायचे हे जीपीयूला सांगणारे छोटे प्रोग्रॅम) तयार करत असतो आणि काही गेम या काळात स्क्रीनवर काहीही दाखवत नाहीत. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर वर चढलेला दिसत असेल, तर पाच-दहा मिनिटे चहाला जावे. अधीर होऊन गेम बंद केला, तर पुढच्या वेळी बरेचसे काम पुन्हा करावे लागते आणि ‘दर वेळी काळी होते’ असा गैरसमज पक्का होतो.

गेमवर आपली पट्टी दाखवणारी सॉफ्टवेअर, म्हणजे डिस्कॉर्डचा किंवा स्टीमचा ओव्हरले, फ्रेम मोजणारी साधने, स्क्रीन रेकॉर्ड करणारी साधने, ही एकदा सगळी बंद करून पाहावीत आणि फरक पडला तर एकेक करून चालू करावीत. यात अधिक सांगण्यासारखे काही नाही.

देवनागरी नावाची गोष्ट

आपल्याकडे दिसणारे एक कारण इंग्रजी मार्गदर्शनात सहसा सापडत नाही. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना काही जण लोकल अकाउंटला (फक्त त्याच लॅपटॉपवरच्या खात्याला) आपले नाव हौसेने मराठीत देतात आणि मग युझरच्या फोल्डरचे नावही देवनागरीत तयार होते. आजचे बहुतेक गेम युनिकोडमधला, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीतला, फोल्डरचा मार्ग नीट वाचतात. पण जुन्या पद्धतीने लिहिलेले गेम फोल्डरचा मार्ग विंडोजच्या जुन्या कोड पेजमधून (एका लिपीपुरत्या अक्षरांच्या तक्त्यातून) वाचतात, आणि देवनागरीसाठी विंडोजमध्ये असे जुने कोड पेज नाहीच. त्यामुळे नावाच्या जागी प्रश्नचिन्हे येतात, गेमला आपलाच फोल्डर सापडत नाही आणि तो काळ्या स्क्रीनवर थांबतो किंवा गुपचूप बंद होतो. सेटिंगमध्ये जाऊन अकाउंटचे नाव बदलल्याने फोल्डरचे नाव बदलत नाही, हे ध्यानात ठेवावे. रोमन अक्षरांत नाव देऊन नवे लोकल अकाउंट काढावे आणि गेम तिथून चालवून पाहावा. याच जातीचे दुसरे कारण म्हणजे विंडोज सिक्युरिटीमधले ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’. ते चालू असेल तर अनोळखी गेमला डॉक्युमेंट्समध्ये लिहिण्यास मज्जाव होतो. गेमला तिथे परवानगी देता येते, त्यासाठी संपूर्ण संरक्षण बंद करण्याची गरज नाही.

उष्णतेविषयी मला हटकून विचारले जाते, कारण एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो आणि लॅपटॉप गादीवर ठेवून खेळण्याची सवय घरोघरी आहे. उष्णतेने गेम अडखळतो, पंखे घोंघावतात, फार झाले तर लॅपटॉप संपूर्ण बंद होतो. हे सहसा अर्ध्या-पाऊण तासाच्या खेळानंतर घडते. गेम उघडताक्षणी स्क्रीन काळी आणि संगीत सुरू, असे असेल तर धुळीला दोष देऊ नये.

भाच्याच्या लॅपटॉपवर बॉर्डरलेस केल्यानंतर आम्ही त्या सॉफ्टवेअरमधला रिफ्रेश रेट बदलण्याचा पर्याय मुद्दाम तसाच चालू ठेवला, कारण बॅटरीवर असताना ६० हर्ट्झ त्याला पुरेसे आहेत. पुढच्या गुरुवारी दुपारी वीज गेली, तेव्हा तो खेळतच होता. स्क्रीन एकदा लुकलुकली आणि खेळ चालू राहिला. ताईने मात्र त्याच संध्याकाळी इलेक्ट्रिशियनला बोलावून टेबलाजवळचा प्लग इन्व्हर्टरवर घेता येईल का, असे विचारले. प्लग एकच घ्यायचा असेल तर तो मिक्सरचा घ्यावा, असे शेवटी ठरले. पण एवढा भार आपल्या इन्व्हर्टरला झेपणार नाही, असे इलेक्ट्रिशियनने सांगितले.